हौद बुजवायचा नाही

दिवाळी झाली त्याच आठवड्यात दीर आले. ओटीवर बसले आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाले, "वहिनी, नाहीतरी थंडीत तुम्ही हौद बंदच ठेवणार ना? मग एकदाचा बुजवूनच टाकू. डंपरवाल्याशी बोलणं झालंय माझं."

मी विचारलं, "माझ्याशी कधी झालं?"

ते हसले. त्यांचं हसणं वाईट नसतं, पण समोरच्याचं बोलणं संपलं असं ते त्या हसण्यानं ठरवून टाकतात. न्हावा शेव्याला कंटेनरच्या गाड्या लावण्याचं त्यांचं काम. कुठलीही मोकळी जागा दिसली की तिथे किती गाड्या मावतील हे त्यांच्या डोक्यात आपोआप येत असावं. आमची वाडी हरिहरेश्वरच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून. शनिवार-रविवारी देवळाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आमच्या फाटकापर्यंत येते. "पार्किंगला याच्यापेक्षा चांगला स्पॉट नाही," असं ते गेलं वर्षभर म्हणत होते.

हौद खरं तर त्यांनी आणि माझ्या नवऱ्यानं मिळूनच बांधला होता. तेव्हा दोघांनी पर्यटकांसाठी मागच्या अंगाला खोल्या काढल्या होत्या आणि खोल्यांना पोहायचा हौद हवाच असं दोघांचं मत होतं. काही वर्षं ते चाललं. मग माझा नवरा गेला, खोल्या बंद पडल्या, हौदात बेडूक राहायला आले. मी पनवेलला मुलींच्या शाळेत खेळाची बाई होते. निवृत्त झाल्यावर इथे राहायला आले ती पोफळींची देखभाल करायला. हौदाकडे मी बघतही नव्हते.

त्याकडे पहिल्यांदा बघितलं ते शेजारच्या आपानं. आमच्या दगडी गडग्यापलीकडे तिचं घर. वयानं माझ्याहून बरीच लहान, पण अख्खी आळी तिला आपा म्हणते म्हणून मीही म्हणते. तिचा नवरा कुवेतला. तिचं माहेर मुरुडचं, म्हणजे जाता-येता दिघीहून आगरदांड्याला फेरीबोटीनं खाडी ओलांडावी लागते. बोट सुटली की ती गाडीतून खाली उतरत नसे. काचा वर करून, डोळे मिटून, पलीकडचा धक्का येईपर्यंत तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत बसे. एकदा गडग्यावरून मला म्हणाली, "बाई, समुद्राच्या काठावर जन्म गेला माझा, पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की श्वास अडकतो. तुम्ही शाळेत पोरींना पोहायला शिकवायचात ना? मला शिकवाल?"

बेडूक काढले, हौद घासला, पंपवाल्याला बोलावून पंप सुरू करून घेतला. आपा आली, मग तिची जाऊ आली, मग वरच्या वाडीतल्या कुणब्यांच्या दोन सुना, मग मासळी विकणारी एक कोळीण. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "नवरा बोटीवर, सासरा बोटीवर, मीच तेवढी कोरडी." सकाळी घरची कामं आटोपली की बायका यायच्या. पंजाबी ड्रेस घालून, कुणी नऊवारी घट्ट खोचून, कुणी डोक्याला ओढणी आवळून. फाटकाला मी आतून कडी घालायची. माझ्या उभ्या नोकरीत मी इतक्या आनंदानं शिकवलं नसेल.

थंडी पडली की मात्र हौद बंद करावा लागे. भोवती पोफळी, वर माड, पाण्याला ऊन लागतच नाही. त्यात भरायचं ते विहिरीचं पाणी. कार्तिक लागला की पाय घातला तरी कळ डोक्यात जाते. पहिल्या वर्षी आम्ही काय केलं, तर पंप बंद केला, वरून ताडपत्री ओढली आणि म्हटलं, होळीला भेटू.

होळीला पंप चालू केला आणि भिंतीतल्या तोंडांतून, जिथून हौदात पाणी येतं तिथून, आधी काळं, मग हिरवं पाणी, मग शेवाळाच्या लांबच लांब लडी बाहेर आल्या. गटाराचा वास सुटला. नळ्यांमध्ये राहिलेलं पाणी आतल्या आत सडलं होतं. मी पाणी उपसलं, औषध टाकलं, पुन्हा भरलं, पुन्हा उपसलं. स्वच्छ झालं असं वाटलं म्हणून बायकांना बोलावलं. आठवड्याच्या आत त्यांच्या मानेवर आणि दंडावर लाल पुरळ उठलं. एका सुनेचे तर डोळे सुजले.

मग काय, गावाला निमित्तच मिळालं. एरवी एकमेकांच्या ओटीवर न चढणारी माणसं या एका बाबतीत एकमताची झाली. मशिदीकडे तेच, देवळाकडे तेच: बायकांना कुणी सांगितलं होतं हौदात उतरायला? निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. दिरांच्या कानावर हे सगळं गेलं होतंच.

"वहिनी, प्रॅक्टिकल बोलू या," ते म्हणाले. "त्या नळ्या आतून गेल्यात. पुढच्या होळीला पुन्हा तेच होणार. अजून एकदा बायकांना पुरळ आलं ना, की मला डंपर आणायला नको, गावच येईल घमेली घेऊन."

हे मला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. नळ्या कोरड्या करून देशील का म्हणून तालुक्याच्या प्लंबरला मी विचारून आले होते. तो म्हणाला, "बाई, इथे काय बर्फ पडतो? राहू दे पाणी नळ्यांत." मी म्हटलं, बर्फाची नाही, सडण्याची भीती आहे. तर म्हणे, हवा मारायचं मशीन लागतं, बंगलेवाल्यांचा सीझन संपला की बघू. म्हणजे नाहीच.

पण मला त्या क्षणी नळ्यांपेक्षा दुसरंच काही आठवत होतं. शाळेत कुठल्याही विषयाचा भाग मागे पडला की माझा तास घेतला जायचा. गणिताला माझा तास, विज्ञानाला माझा तास. स्नेहसंमेलन आलं की मैदानावर पाहुण्यांच्या गाड्या. मुली रांगेत उभ्या राहून माझ्याकडे बघायच्या आणि मी म्हणायची, चला, उद्या खेळू. किती वर्षं मी ते म्हटलं असेन. त्या दिवशी ओटीवर माझ्या तोंडून ते आलं नाही.

"भाऊजी, हौद बुजवायचा नाही."

"आणि नळ्या?"

"त्या मी साफ करून ठेवते."

"कोणाकडून?"

त्यांनी कप खाली ठेवला. "शुक्रवारी मी डंपर घेऊन येतोय. तोपर्यंत शांतपणे विचार करा. वाडीत माझाही वाटा आहे."

ते गेल्यावर मी गडग्याशी जाऊन आपाला हाक मारली आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आमचे मिया हेच काम करतात."

तो कुवेतला आहे एवढंच मला माहीत होतं. तिथे काय करतो हे मी कधी विचारलं नव्हतं.

"एका क्लबात हौद सांभाळतात. थंडीत तिथलेही बंद करतात, नळ्या कोरड्या करून."

"अगं मग विचार ना त्यांना!"

"विचारीन. पण मग सांगावं लागेल ना."

"काय सांगावं लागेल?"

"मी उतरते ते."

एवढे दिवस तिनं नवऱ्याला पत्ता लागू दिला नव्हता. गावात कुणी त्याच्या कानावर घातलं नव्हतं हे नवलच. मी म्हटलं, नको तर राहू दे, दुसरं काही बघू. तिनं मान हलवली, गडगा ओलांडून माझ्या मागच्या पडवीत आली आणि तिथेच फोन लावला. व्हिडिओवर तो दिसला, कामाच्या निळ्या शर्टात, कपाळावर घाम. दोघं भराभर आपल्या कोकणीत बोलत होती. मला कळत होतं ते असं:

"कुठे आहेस?"

"बाईंकडे. मला एक सांगा, हौद बंद करताना नळ्यांतलं पाणी कसं काढतात?"

"कोणाच्या हौदाच्या?"

"बाईंच्या. मी पोहते त्या."

मला वाटलं नेटवर्क गेलं. पण मागे पंखा फिरताना दिसत होता.

"कधीपासून?"

"गेल्या साली सुरू केलं."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालो असतो."

"म्हणून नाही सांगितलं."

ती फोन घट्ट धरून उभी होती. नजर खाली नव्हती. मी आत जावं की थांबावं हे न कळून दाराशी अर्धी उभी होते.

"येतं तुला? खरंच येतं?" त्यानं विचारलं.

"ह्या काठापासून त्या काठापर्यंत. मधे न थांबता."

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "मला नाही येत. एवढी वर्षं हौद सांभाळतो, कमरेच्या वर कधी गेलो नाही." आणि आवाज बदलून, "बाई आहेत का तिथे? बाई, पंप दाखवा जरा."

त्यानं सगळं बघितलं आणि समजावून सांगितलं. शुक्रवारी त्याला सुट्टी असते, तेव्हा तो फोनवर थांबणार होता. आम्हाला हवेचा कॉम्प्रेसर लागणार होता आणि नळ्यांच्या तोंडात बसतील अशी रबरी बुचं. बुचं श्रीवर्धनला मिळाली. कॉम्प्रेसर नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे होता.

"हवा टायरात भरत्यात बाई, हौदात न्हाय," तो म्हणाला.

"आज हौदात भरायची आहे."

"आनि फुटला तर?"

"तर माझा फुटेल. तू चल."

शुक्रवारी दुपारी तो मिनीडोर रिक्षात कॉम्प्रेसर घालून आला. सकाळपासून आम्ही हौदातलं पाणी पंपानं पाटात सोडत होतो, भिंतीतली तोंडं उघडी पडेपर्यंत. खोल टोकाला आपाच्या छातीइतकं राहिलं. पंपाच्या आणि गाळणीच्या खालचे स्क्रू काढून त्यांच्या पोटातलं पाणी सांडून दिलं. आपानं फोन हौदाच्या काठावर दोन असोल्या, न सोललेल्या नारळांच्या मधे उभा करून ठेवला. त्यातून कुवेत हुकूम सोडत होतं.

पंक्चरवाल्यानं पंपाच्या तोंडाशी हवेची नळी धरली, भोवती चिंधी आवळली. तेवढ्यात फाटकाबाहेर डंपरचा हॉर्न वाजला. दीर आत आले, मागे डंपरचा ड्रायव्हर. दीर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"नळ्या साफ," मी म्हटलं. "चालू कर रे."

हवा सुटली. जमिनीखाली काहीतरी गुरगुरल्यासारखं झालं. भिंतीतलं पहिलं तोंड ढेकर दिल्यासारखं वाजलं आणि तांबूस पाणी पिचकारीसारखं बाहेर आलं. मग थोडं थांबून पुन्हा. मग पाणी कमी, हवा जास्त. शेवटी नुसता तुषार.

"आता बूच! बूच मारा!" फोन ओरडला.

मी पायऱ्यांवरून पाण्यात उतरले होते. तळव्यानं बूच आत दाबलं आणि खलबत्त्यातल्या बत्त्यानं ठोकलं. दुसरं तोंड, तिसरं तोंड. प्रत्येकाला आपापला वेळ लागत होता. थंडीनं माझी बोटं वळेनाशी झाली होती, पण मनात इतका जोर आला होता की दिरांच्या नाकासमोर ते बूच ठोकताना मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.

राहिली तळाची नळी. तिच्यातून हवा गेली की खोल टोकाला तळातून बुडबुडे वर यायला हवे होते. कॉम्प्रेसर धापा टाकत होता, पण पाणी ढिम्म. हलेचना.

"जाळीवर काहीतरी बसलंय," आपाचा नवरा म्हणाला. "बांबूनं सरकवा."

बांबूनं ढोसून बघितलं. बांबू घसरत होता. पाणी गढूळ, काही दिसत नव्हतं.

"कुणीतरी खाली जायला पाहिजे," तो हळू आवाजात म्हणाला.

मी पदर खोचला. आपानं माझा दंड धरला. "तुम्ही मघापासून पाण्यात आहात बाई, ओठ निळे पडलेत. मी जाते."

आपाला पोहता येत होतं ते मान पाण्याबाहेर ठेवून. डोकं बुडवायचं म्हटलं की ती नाक धरून लगेच वर यायची. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं. दिरांना एवढंच दिसत होतं की एक बाई थंड पाण्यात उतरायला निघाली आहे.

"आपा, राहू द्या," ते म्हणाले. "काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," ती म्हणाली. ओढणी डोक्याभोवती आवळता आवळता तिनं तिघांवरून नजर फिरवली. "तुम्ही सगळे तिकडे तोंड करा."

पंक्चरवाला लगेच वळला. ड्रायव्हरही वळला. दीर क्षणभर तसेच उभे राहिले, मग तेही पोफळींकडे तोंड करून उभे राहिले. फोनमधून आवाज आला, "मीपण?"

"तुम्ही बघा," आपा म्हणाली.

पहिल्यांदा ती गेली आणि लगेच खोकत वर आली, हात रिकामे. कठड्याला धरून तिनं श्वास घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, फोनकडेही नाही. दुसऱ्यांदा ती गेली तेव्हा पाण्यावर नुसतं तिच्या कुर्त्याचं टोक तरंगताना दिसलं, मग तेही दिसेना. मी पायरीवरून पुढे सरकले. फोनमध्ये तो काहीतरी पुटपुटत होता. आणि एकदम तळातून पाणी उकळल्यासारखं वर आलं, भल्यामोठ्या बुडबुड्यांनी, आणि त्या बुडबुड्यांच्या मधोमध आपा. तिच्या हातात पोफळीची एक विरी होती, पानाच्या देठाशी असते ती रुंद, चामड्यासारखी. इतके महिने पंपानं ओढून ती जाळीवर चिकटून बसली होती.

"बाई," ती म्हणाली. दात वाजत होते आणि ती हसत होती. "मी खाली डोळे उघडले!"

"व्हॉल्व्ह! व्हॉल्व्ह बंद करा, हवा आत राहू द्या!" फोन ओरडत होता. मी धावत पंपापाशी जाऊन तो फिरवला.

आपा टॉवेल गुंडाळून आत कपडे बदलायला गेली. कॉम्प्रेसर थांबला तसं एकदम शांत वाटलं. दिरांनी आता वळायला हरकत नाही ना अशा बेतानं मान वळवली.

"झालं?"

"झालं."

ड्रायव्हर डोकं खाजवत उभा होता. "साहेब, मातीचं काय करू? भरून आणलीय."

मी म्हटलं, "पोफळींच्या बुंध्याशी टाका. पावसात मुळं उघडी पडलीत."

ड्रायव्हरनं दिरांकडे बघितलं. दिरांनी माझ्याकडे. मला वाटलं आता भांडण होणार, आणि भांडायला मी तयार होते. चिंब भिजलेली, हातात बत्ता. त्या माणसानं काय विचार केला कोण जाणे. "टाक," एवढंच म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले.

म्हणजे ते हरले असं नव्हे. माघात त्यांनी वाटणी मागितली. मी दिली. रस्त्याकडचा भाग त्यांचा, हौदाकडचा माझा. मधे चिऱ्याची भिंत घालून घेतली, चांगली डोक्याच्या वर.

होळीनंतर हौद उघडला त्या सकाळी मी बायकांना बोलावलं नव्हतं. आपा तेवढी होती. बुचं काढली, पाणी भरलं आणि पंपाचं बटण दाबून दोघी काठावर उकिडव्या बसलो. भिंतीतली तोंडं फुसफुसली, थोडी हवा बाहेर आली आणि मागोमाग पाणी. विहिरीत दिसतं तसं स्वच्छ. मी ओंजळीत घेऊन वास घेतला, आपानंही घेतला. ओल्या दगडाचा वास येत होता, बाकी काही नाही. मी तिथेच फतकल घातली.

डोळे सुजले होते ती सून आली ती सगळ्यांत शेवटी. पहिल्या दिवशी तिनं नुसता कोपरापर्यंत हात घातला आणि घरी गेली. दोन दिवस हात बघत राहिली असणार. मग आली ती दोन भावजयींना घेऊनच. गावातलं बोलणं थांबलं नाही, अजूनही थांबलेलं नाही. पंचायतीतले एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "बाई, ह्याला परवानगी आहे का?" मी म्हटलं, "घरच्या हौदात अंग भिजवायला कुणाची लागते ते सांगा, आजच जाऊन आणते." त्यांनी विचारून सांगतो म्हटलं. मी वाट बघते आहे.

आता शनिवार-रविवारी भिंतीपलीकडे गाड्या लागतात. दार आपटल्याचे आवाज, गाणी, मुलांची रडारड. मध्यंतरी एक पाहुणा भिंतीतल्या माझ्या फाटकाशी आला. आतून पाण्याचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज त्याला ऐकू आला असावा.

"स्विमिंग पूल आहे ना आत? आम्हाला फॅमिलीसकट तासभर मिळेल का?"

"तुमच्या घरच्या बायकांना पाठवा," मी म्हटलं. "पुरुषांना नाही."

"असं कसं? मग बाहेर एवढं मोठं पार्किंग कशाला काढलंय?"

"ते माझ्या दिरांचं आहे. त्यांना विचारा," मी म्हटलं आणि कडी लावून पाण्याकडे परत गेले.